ताईच्या कोरड्या घशाचा तपास

माझी बुद्धी इतकी तल्लख आहे की कधीकधी मलाच तिचा धाक वाटतो. शहरातला एकही गुन्हेगार मला ओळखत नाही. गुप्तहेराला याहून मोठी पावती कोणती?

या खेपेला प्रकरण घरातलंच होतं. माझी थोरली बहीण छापखान्यात वाचक आहे. ती मूळ मजकूर मोठ्याने वाचते आणि समोरचे तपासनीस प्रुफावरून बोट फिरवत चुका पकडतात. ती थांबली की त्यांचं बोट हरवतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत अखंड वाचायचं. आठ दिवस तिच्या तोंडाला कोरड होती, घसा दुखत होता आणि आवाज पार बसला होता. शनिवारपर्यंत सुधारणा नसेल तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल, असं मालक म्हणाले. ते ऐकून ताई जेवलीच नाही. वाईट मलाही वाटलं, पण तपासाला ताकद लागते, म्हणून तिच्या वाटणीचं मी जेवलो.

पहिला संशय शाईवर. दिवसभर हुंगली, नुसत्या शिंका आल्या. मग तपासनिसांवर. ते ताईला घशाच्या गोळ्या देत. एवढा चांगुलपणा उगाच कोण करतं? मी सगळ्या गोळ्या जप्त करून एकेक चोखून तपासली. विष आढळलं नाही. माझा घसा मात्र झकास झाला.

बुधवारी छापखान्यात ताईने दाराबाहेरच्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. बोलायचं त्राण नव्हतं. म्हणजे विष पिंपात तर! मी झाकणावर लाखेचं सील ठोकलं.

झाडणाऱ्या मावशी आल्या, माझ्या देखत सील फोडलं आणि ताईला पेला भरून दिला. ताई घटाघटा प्यायली.

"सकाळपासून वाचतेय, पाण्याचा घोट नाही," मावशी म्हणाल्या. "घसा सुकेल नाहीतर काय?"

"मग पीत का नाही?"

"टेबलावर पाणी ठेवायला बंदी आहे. गेल्या आठवड्यात प्रूफ भिजलं, तेव्हा कुण्या शहाण्याने मालकांना सुचवलं."

तो शहाणा मीच. ओल्या प्रुफाचं प्रकरण मी बारा मिनिटांत निकालात काढलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बारकाईने वाचू लागलो.

मालकांनी झाकणाच्या बाटलीला परवानगी दिली. ताई पानापानाला घोट घेऊ लागली, घरी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करू लागली. शनिवारी तिने सोळा पानं न अडखळता वाचली. मालकांनी दुसरं कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी तिने मला समोर बसवलं आणि तासभर झापलं. आवाज एकदाही बसला नाही. खरं सांगतो, मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.