श्रीमंत जानराव महाराजांस गादीवर बसवेना, त्याची हकिकत

कुलस्वामिनीस दंडवत, थोरल्या कैलासवासी स्वामींस मुजरा, आणि वाचणारांचें पोट नित्य साफ असो ऐसें मागणें मागोन हकिकत लिहितों. शालिवाहन शके सत्राशें एक, विकारी नाम संवत्सर. संवत्सरानें आपलें नांव पुरेपूर राखिलें. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण दुखणें नाजूक आणि वंशज हयात. त्या सालीं वैशाखमासीं श्रीमंत जानराव महाराज एका बेलाग किल्ल्यास वेढा घालोन बसले, आणि छावणींत पाणी थोडें, भाजीचें तर नांव नको, तेव्हां शिळी भाकर आणि लसणीचा ठेचा यांजवर खासा स्वारीनें गुजराण केली, आणि सकाळची हाजत आली कीं नेमका जासूद येई, मग महाराज म्हणत, "थांबो ती," आणि ती थांबे, आणि थांबोन थांबोन दगड होई. किल्ला फत्ते जाहला. स्वारी वाजतगाजत राजधानीस आली आणि दुसरे दिवशीं प्रातःकाळीं महाराज शौचकूपीं गेले, तों आंतून ऐसी किंकाळी उठली कीं पहारेकरी "दगा! दगा!" म्हणोन तरवारा उपसोन दार फोडोन आंत शिरले. आंत दगेखोर कोणी नव्हता. महाराज होते, आणि त्यांनीं पहारेकऱ्यांस जें सुनावलें तें लिहिण्याजोगें नाहीं.

मग राजवैद्य त्रिंबकभट यांस पाचारिलें, आणि भटजींनीं दिवा जवळ घेऊन पाहिलें, आणि हात धुवोन अर्ज केला कीं, "महाराज, गुदद्वारीं चीर पडली आहे. ग्रंथांत यास परिकर्तिका म्हणतात, कात्रीनें कातरल्यागत दुखतें म्हणोन." महाराज बोलिले, "नांव कोण पुसतो? बरी कधीं होईल तें सांगा." भटजी म्हणाले, "वेशीचा चिरा फुटला तर गवंडी चुना भरील. पण चुना वाळण्याआधीं रोज त्याच वेशींतून गाडा काढावयाचा, तर गवंड्यानें करावें काय? सावकाश भरेल. मध्येंच बरें वाटेल, मध्येंच उलटेल, पुन्हा बरें वाटेल. ऊन पाण्यांत बसावें, रात्रीं दुधांत तूप घ्यावें, इसबगोल घ्यावा, मिरचीस शिवूं नये, कुंथूं नये, आणि हाजत आली तर साक्षात शत्रू वेशींत आला तरी आधीं उठोन जावें." महाराजांनीं मान डोलाविली. इतकें सरळ औषध आणि इतका शहाणा वैद्य असतां पुढें जें जाहलें तें लिहितांना आमचें कपाळ अजून उठतें.

कारण या दौलतींत कदीम दस्तूर ऐसा कीं, धनी आजारांतून उठले म्हणजे गडावरून तोफा सुटाव्या, देवीपुढें बकरा पडावा, आणि धन्यानें भर पंगतींत तांबड्या रश्शाची वाटी तोंडास लावोन रिकामी करावी. वाटी रिकामी तरच धनी बरे. आणि जो धनी बरा नाहीं त्यानें दसऱ्याचे दरबारीं गादीवर बसूं नये, जवळचे भाऊबंदानें बसावें, आणि जो बसेल तोच पुढें धनी. हें सारें थोरल्या स्वामींनीं तापांतून उठल्यावर ठरविलें. थोरल्यांस ताप आला होता, चीर पडली नव्हती, एवढा फरक कोणा मुत्सद्द्याचे ध्यानीं येऊं नये? आणि जवळचे भाऊबंद म्हणजे चुलतबंधु भुजंगराव, पचन उत्तम, मन खोटें, ते रोज येऊन पुसत, "दादा, आज कसें वाटतें?" आणि पुसतां पुसतां गादीकडे पाहत.

आषाढांत महाराजांस बरें वाटलें. वैद्य म्हणाले, "अजून थांबावें." कोणी थांबलें नाहीं. तोफा सुटल्या, पंगत बसली, महाराजांनीं डोळे मिटोन वाटी रिकामी केली, लोकांनीं जयजयकार केला, आणि दुसरे सकाळीं तीच किंकाळी. या वेळीं पहारेकरी जागचे हलले नाहींत. ये रे माझ्या मागल्या! पुन्हा ऊन पाणी, पुन्हा तूप, पुन्हा मुगाचें कढण. श्रावणांत पुन्हा बरें वाटलें, तेव्हां कारभाऱ्यांनीं मसलत केली कीं वाटी लहान घ्यावी. वाटी लहान घेतली आणि आचाऱ्यानें तोच तिखटपणा तेवढ्यांत आटवोन घातला, त्यास वाटलें धन्याची शोभा राहिली पाहिजे. भटजींनीं हें ऐकोन पागोटें काढोन जमिनीवर आपटलें. आणि राज्यांत ज्यास त्यास वैद्यकी सुचूं लागली. एक सुभेदार केळीं पाठवी, दुसरा लिही कीं केळीं विषासमान, सोयऱ्यांपैकीं कोणी आजी सांगे कीं हें सारें दृष्टीचें. सारे सांगत आणि महाराज सारें करीत, आणि आम्ही पाहोन पाहोन विटलों.

परंतु खरी गोष्ट भाद्रपदांत जाहली. त्या महिन्यांत पंगत नाहीं, मिरची नाहीं, कुंथणें नाहीं, सारें पथ्य चोख, महाराज हंसूं लागले, आणि एके सकाळीं कांहीं कारण नसतां चीर पुन्हा उलली. तेव्हां महाराज घंगाळांत ऊन पाण्यांत बसले असतां रडले. राणी चिमाबाईसाहेब जवळ होत्या. महाराज म्हणाले, "तोफेपुढें उभे राहिलों तेव्हां भ्यालों नाहीं. आतां सकाळ होते म्हणोन भितों. सांगितलें तें सारें केलें, मग चुकलें काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "आपलें कांहीं चुकलें नाहीं. दुखणें आपला चाकर नव्हे, हुकूम केला आणि उठलें. पाणी निवलें, आणखी ऊन घालूं?" महाराज म्हणाले, "घाला."

इतक्यांत दसरा आला. दरबार भरला, सरदार हातीं आपट्याचीं पानें घेऊन उभे राहिले, आणि भुजंगरावांनीं स्वहस्तें वाटी पुढें केली, काठोकाठ, वर तेलाचा तवंग, आणि मोठ्यानें म्हणाले, "दादा, बरे असाल तर घ्यावी. नसाल तर दस्तूर आहेच." महाराजांनीं वाटी हातीं घेतली. आम्हांस वाटलें आतां पितात, आणि उद्यांपासोन आहेच तें पुन्हा. परंतु महाराजांनीं वाटी खालीं ठेविली आणि उभ्यानें बोलिले, "आम्हांस बरें नाहीं. माणूस जेथें टेकतो तेथेंच चीर पडली आहे, आणि ती भरतां भरत नाहीं. हें सांगावयाची लाज वाटे म्हणोन दोनदां वाटी प्यालों. आतां पीत नाहीं. गादी न्यावयाची असेल त्यानें न्यावी." भुजंगरावांनीं तत्काळ गादीचे पायरीवर पाय ठेविला.

तेव्हां वृद्ध सरदार सिदोजी घोरतळे पुढें जाहले आणि म्हणाले, "भुजंगराव, पाय खालीं. महाराज, हा चाकर आपल्या तीर्थरूपांचे वेळेपासोन दरबारीं उभा आहे. लोक म्हणतात, सिदोजी मोठा अदबीचा, बसा म्हटलें तरी बसत नाहीं. अदब कसली घेऊन बसलांत! मला बसवतच नाहीं." मग मागोन पागेचे सरदार हळूच बोलिले, "मलाही थंडींत होतें." मग एक, मग आणिक एक, सारे घोड्यावरचे गडी, भाकरठेच्यावर वाढलेले, ज्यांनीं आपल्या बायकांस सांगितलें नव्हतें त्यांनीं दरबारांत सांगितलें. सिदोजी म्हणाले, "सोनें धन्यास द्यावयाचें, गादीस नव्हे," आणि पान उभ्या महाराजांचे हातीं दिलें. त्यामागें साऱ्यांनीं दिलें. भुजंगराव रिकाम्या गादीजवळ बराच वेळ एकटे राहिले, आणि शेवटीं तेही पान घेऊन आले.

त्यानें दुखणें गेलें ऐसें कोणी समजूं नये. कार्तिकांत उलटलें, मार्गशीर्षांत निवळलें, पौषाचे थंडींत पुन्हा उलटलें. महाराज चिडत, वैद्यास शिव्या देत, आणि शिव्या देऊन तूप पीत. फरक इतकाच कीं आतां कोणी पुसत नसे. पुढें फाल्गुनांत दोन गांवांचा पाटाच्या पाण्याचा तंटा हुजूर आला, आणि दोहीं गांवचे पाटील भांडतां भांडतां माध्यान्ह जाहली, आणि निवाडा करोन महाराज उठले आणि सरळ जेवावयास गेले. सकाळपासोन गादीवर बसले होते, एकदांही कूस बदलली नाहीं, हें त्यांचे त्यांस उमगलें नाहीं. आम्हांस उमगलें. आम्ही तोंड उघडणार, तों चिकाचे पडद्याआडून बाईसाहेब हलकेच म्हणाल्या, "एक शब्द बोललांत तर याद राखा."

सारांश: राज्य राहिलें, गादी राहिली, वाटीचा दस्तूर मोडला, भुजंगराव काशीयात्रेस गेले. महाराज पूर्ण बरे जाहले किंवा कसें, हें पुसणारास या दौलतींत दंड आहे, सबब लिहिलें नाहीं.