उजव्या कोपऱ्यातला आकडा

परबकाका कोणालाही फोन केला की "कसे आहात?" विचारत नाहीत. "स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरून "चार पॉइंट दोन" असं उत्तर आलं की ते कासावीस होतात. "अरे, चार पॉइंट पाच येऊन महिना झाला! झोपलास काय?"

काका मूळचे मालवणकडचे, आमच्या मुलुंडच्या इमारतीत राहतात. एका कंपनीच्या कम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर त्यांनी छोट्या वाचनालयांसाठी 'कपाट' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. कुठलं पुस्तक कोणाकडे आहे ते 'कपाट' सांगतं. फुकट आहे, आणि आतला सगळा कोडही उघडा. कोणीही घ्यावा, बदलावा. सोसायटीच्या वाचनालयाची यादी मी ठेवते, त्यामुळे आमची ओळख वाढली.

कोण 'कपाट'चं कुठलं व्हर्जन वापरतंय, म्हणजे कोपऱ्यातला तो आकडा, हे बनवणाऱ्याला घरबसल्या कळू शकतं. काकांना ते मान्य नाही. "दुसऱ्याच्या कम्प्युटरात डोकावायचं? ता बरां दिसना नाय." म्हणून ते फोन करतात, नाहीतर बसने जाऊन बघून येतात. घरी भिंतीवर एकोणीस वाचनालयांचा तक्ता आहे. प्रत्येकापुढे पेन्सिलीने व्हर्जन, कारण खोडावं लागतं. माणसंही ते आकड्यांनीच ओळखतात. एका लग्नात त्यांनी मला एका गृहस्थांची ओळख करून दिली, "हे बोरिवलीचे तीन पॉइंट नऊ." त्या गृहस्थांची बायको घाबरून नवऱ्याला म्हणाली, "अहो, कसला रिपोर्ट आला तुमचा?"

माझा स्वभाव कामं उरकण्याचा. काकांचा गुडघा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी फिरणं कमी करायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "व्हर्जन आपोआप बदलेल अशी सोय टाका ना. वणवण बंद."

"टाकूया गो. पुढच्या व्हर्जनमध्ये."

नंतर तीन व्हर्जनं आली. सोय काही आली नाही, गुडघा मात्र सुजला. शेवटी ठरवलं, एकदा बरोबर जायचं आणि हे प्रकरण संपवायचं.

आम्ही वाकोल्याला गेलो. तिथल्या गावठाणात डॉमिनिक सर आपल्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवतात. निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरात. दार उघडताच काकांना म्हणाले, "आलास? मी हात नाय लावला कम्प्युटरला. म्हटलं, बिघडायचा."

"लावूच नका! अजून चार पॉइंट सातवरच ना? वाट लागली!" असं म्हणून काका खुशीत खुर्चीवर बसले.

नवं व्हर्जन चढायला दोन मिनिटं लागली. आम्ही उठलो अडीच तासांनी. दोनदा चहा झाला. आंब्याच्या कलमांचं पुस्तक शेतीच्या विभागात ठेवायचं की खाण्याच्या, यावर कडाक्याचं भांडण झालं. काका हात धुवायला आत गेले तेव्हा सर हळूच मला म्हणाले, "बाय, मला येतं हां हे चढवायला. शाळेत पोरांना कम्प्युटर मीच शिकवायचो. पण त्याला बोलू नको. मुलगी परदेशात, घरात एकटाच असतो तो. सहज ये म्हटलं तर येत नाय."

परतीच्या रिक्षात मी सवयीने मोबाइल काढला आणि नव्या व्हर्जनमध्ये काय बदललंय ते वाचलं. एकच ओळ होती: 'शोधाच्या बटणाचा हिरवा रंग किंचित गडद केला.'

"काका, एवढ्यासाठी वाकोला?"

काका गुडघा चोळत म्हणाले, "सर एकटे असतत गो. नुसतो भेटाक इलंय म्हटलं की 'कशाला त्रास घेतलास' म्हणतात. काम घेऊन गेलं की बरं, निवांत बसू देतात."

सरांनी बोलू नको म्हटलं होतं. मी बोलले नाही. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा विचारलं, "पुढचं व्हर्जन कधी काढताय?"

"का गो?"

"चार दिवस आधी सांगा. मला ऑफिसात रजा टाकावी लागते. एकट्याने नाही जायचं आता."



"लवकरच काढूया," काका म्हणाले. "तो हिरवा जरा जास्तच गडद झालाय."