अप्पांचे चौरंग

जगात सगळीकडं हजेरी घेतात ती माणूस आत आला की नाही हे बघायला. आमच्या गोदामात ती माणूस बाहेर आहे की नाही हे बघायला घेतात.

सकाळी शटर वर गेलं की शिवलिंगअप्पा जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभे राहतात, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारख्या करतात आणि घसा साफ करून सुरू होतात.

"खाजामियां?"

"बाहेर!"

"सोपान?"

"बाहेर!"

असं एकेक नाव घेत घेत गाडी माझ्यापर्यंत येते. मी काचेच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसलेली असते. अप्पांना मी दिसते, मला अप्पा दिसतात. तरी तोंडानं सांगावं लागतं. "मुदखेडच्या बाई?" "बाहेर, अप्पा!" एकदा माझा घसा बसला होता म्हणून मी नुसता हात वर केला. अप्पा हलेनात. म्हणाले, "हात कुणाचाबी असतो. आवाज पाहिजे." शेवटी मी कशीबशी बेडकासारखी ओरडले, तेव्हा कुठं त्यांनी मशीनचं बटण दाबलं.

हे गोदाम लातूरच्या एमआयडीसीत. आत माल कसला, तर पुस्तकांचा. लातूर-नांदेडला डॉक्टर व्हायला येणारी पोरं किती, हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही, पण त्यांची पुस्तकं, नोट्स आणि टेस्टचे पेपर कुठंतरी ठेवावे लागतात ना! ते आमच्याकडं. एका मोठ्या क्लासचा सगळाच्या सगळा माल आमच्याकडं असायचा आणि त्यावरच आमचं सगळ्यांचं चालायचं. अप्पा मूळचे अडत्ये. तूर, सोयाबीनची पोती सांभाळून म्हातारे होत आले, आणि ऐन म्हातारपणी त्यांनी हे रोबोटवालं गोदाम काढलं. गावात लोक हसले. हमाल इतके स्वस्त असताना अप्पांना ही अवदसा कुठून आठवली, असं तोंडावर म्हणाले.

रोबोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं हातपायवाला पत्र्याचा माणूस आला असेल, तर तो घालवा. ही एक बुटकी, चौकोनी, चार चाकांची पेटी असते. पहिल्या दिवशी सोपान म्हणाला, "आगं बया, ह्यो तर चौरंग!" आणि तेच नाव पडलं. चौरंगाच्या पाठीवर पाहिजे ते बसवता येतं. वरच्या कप्प्यातलं खोकं उतरवायचं तर उचलणारा पाळणा बसवा, गठ्ठे सरकवायचे तर पट्टा बसवा. ओझं लई असलं तर दोन चौरंग खटकन एकमेकांना जोडले जातात आणि बैलजोडीसारखे एकीनं चालतात. जमिनीवर काळेपांढरे स्टिकर चिकटवलेत. ते वाचत वाचत चौरंग उंच रॅकांच्या गल्लीत शिरतो आणि सांगितलेलं खोकं घेऊन परत येतो. माणूस लागत नाही.

हे शेवटचं वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकातलं. अप्पांनी ते वाचलं आणि त्याच दिवशी प्रत्येक चौरंगाला एकेक डायव्हर नेमला.

हे डायव्हर म्हणजे अप्पांच्या अडतीवरचे जुने हमाल. पोती उचलून ज्यांच्या पाठी वाकल्या, त्यांना अप्पांनी खाकी शर्ट शिवले आणि पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून दिल्या. गाड्या बसवायला पुण्याहून केतन नावाचा इंजिनियर आला होता. तो बिचारा त्या रांगेकडं बघतच राहिला.

"अप्पा, या ड्रायव्हरलेस गाड्या आहेत."

"हाव, कळलं मला. पण उद्या गाडीचं काही बिनसलं तर इचारायचं कुणाला? गाडीला?"

केतननं चहा संपवला आणि स्टेशनचा रस्ता धरला.

डायव्हर लोकांनीही काम इतकं मनावर घेतलं म्हणता! खाजामियांचा चौरंग गल्लीतून जरा उशिरा आला की ते खुर्चीतूनच त्याला झाडायचे, "कां रे, आत बिर्याणी खाऊन राहिला होतास काय?" सोपान आणि बाबुराव यांचं तर आठवडाभर बोलणं बंद होतं. का, तर वळणावर बाबुरावाच्या चौरंगानं सोपानच्या चौरंगाला कट मारला. दोघंही त्या वेळी खुर्चीत बसून तंबाखू मळत होते, हे कुणी लक्षात घ्यायचं?

अप्पांचं दुसरं वेड म्हणजे जड ते खाली. कोणतं खोकं कुठल्या कप्प्यात ठेवायचं हे खरं तर कॉम्प्युटर ठरवतो. पण अप्पांनी केतनला डोकं धरायला लावून ते बदलून घेतलं. "फिजिक्स खाली ठेवा, बायोलॉजी वर. बायोलॉजी डोक्यात पडली तर माणूस उठून बसंल. फिजिक्स पडल्यावर कोण उठतंय?" ज्या पोरांनी फिजिक्सचा पेपर दिलाय ती याला दुजोरा देतील.

हे वेड गोदामापुरतं असतं तर चाललं असतं. आम्ही नवीन फ्लॅट घेतला तेव्हा मी हौसेनं अप्पांना चहाला बोलावलं. अप्पा आले, दारातच थबकले आणि माळ्याकडं बघायला लागले. माळ्यावर माझ्या सासूबाईंचे पितळी हंडे होते. अप्पांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, खाली झोपतं कोण?" नवरा म्हणाला, "आम्हीच." झालं! नवऱ्याला स्टुलावर चढवून अप्पांनी एकेक हंडा उतरवून घेतला, आणि मगच चहाला हात लावला. ते हंडे अजून माझ्या पायात येतात. लग्नाला गेले तरी अप्पा मंगल कार्यालयात बसत नाहीत. अक्षता टाकल्या की ताट घेऊन सरळ बाहेर, लिंबाखाली.

आता लातूरला राहायचं म्हणजे असल्या गोष्टींना हसून चालत नाही, हे मलाही कळतं. त्या भूकंपाला इतकी वर्षं झाली, तरी आमच्या सासूबाई रात्री भांडं वाजलं की उठून बसतात. मी मुदखेडची. आमच्याकडं तेव्हा फक्त जमीन हलली, इथं गावंच्या गावं बसली. तेव्हा अप्पांना जिवाची भीती बसलीय, जरा जास्तच बसलीय, असं समजून मी सोडून दिलं होतं.

मग आला पोळा.

जोडीनं चालतात ते बैल, तर मग चौरंग जोडीनं चालतात त्यांचं काय, असा प्रश्न सोपानला पडला. अप्पांनाही पटला. डायव्हरांनी चौरंग पुसून लख्ख केले, हळदकुंकू लावलं, रंगीत गोंडे बांधले आणि प्रत्येकाच्या पाठीवर पुरणपोळी ठेवली. मग बटण दाबलं तर एकही चौरंग जागचा हलेना. सगळ्यांचे लाल दिवे लागलेले. मी पुण्याला फोन लावला.

केतन म्हणाला, "कॅमेऱ्यात मला फ्लोअरवर काहीतरी पिवळं दिसतंय. काय सांडलंय?"

"हळद."

"तुम्ही हळद पण स्टोअर करता?"

"नाही हो. लावतो."

"आधी ते स्टिकर पुसा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. मग आम्ही सगळ्यांनी ओल्या फडक्यानं एकेक स्टिकर पुसला, कुंकू काढलं, गोंडे सोडले, पोळ्या वाटून खाल्ल्या आणि चौरंग सुरू झाले. एक गोंडा तेवढा सोडायचा राहिला. तो खाजामियांच्या जोडीचा, जिथं दोन चौरंग जोडले जातात तिथं आत अडकलेला. तो कुणालाच दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात नांदेडच्या पोरांची मोठी टेस्ट होती. पेपरांचे गठ्ठे दुपारी चारच्या आत गाडीत भरून पाठवायचे होते. ओझं भारी, म्हणून खाजामियांची जोडी आत गेली. गठ्ठे घेतले, वळली आणि मधल्या गल्लीत गपकन थांबली. त्या गोंड्याचा दोरा सुटून चाकात गुंडाळला होता. ना जोडी सुटे, ना पुढं जाई, ना मागं.

केतन फोनवर म्हणाला, "मेन स्विच बंद करा. एकाला आत जाऊ द्या, दोरा कापून हातानं ओढून आणा. दोन मिनिटांचं काम आहे."

खाजामियां खुर्चीतून उठले. अप्पा त्यांच्या आडवे उभे राहिले.

"खाजा, बस खाली. दोन्ही बाजूचे रॅक रिकामे होईपर्यंत त्या गल्लीत कुणी जायचं न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दोन्ही बाजूचे रॅक म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं! बाकीच्या चौरंगांनी पलीकडच्या गल्ल्यांमधून एकेक खोकं काढायचं म्हटलं तरी दिवस बुडाला असता. मी ऑफिसातून धावत बाहेर आले. "अप्पा, दोन मिनिटं हो! चारला गाडी निघायची आहे!" अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात क्लासच्या सरांचा फोन आला. त्यांना मी खरं काय ते सांगितलं. सर म्हणाले, "चारला गाडी निघाली नाही, तर तुमच्याकडचा सगळा माल मी उचलणार. सांगा अप्पांना." मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "बरं," आणि पहिलं खोकं उतरवायला लावलं.

राग म्हणजे असा राग आला मला! त्या क्लासचा माल गेला तर गोदामात उरणार काय? आम्ही खाणार काय? मी तावातावानं खाजामियांकडं गेले. "चाचा, तुम्ही तरी समजवा. तुमचं ऐकतील. एवढं काय घाबरायचं माणसानं?"

 खाजामियां शेजारची खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "बैठ बेटा. अप्पा घाबरत न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. महेबूब म्हणून त्यांचा धाकटा भाऊ होता. तोही अप्पांच्या अडतीवर हमाल. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूला, घर दगडमातीचं. गणपती बुडवायचा दिवस होता. खाजामियां मालाची गाडी घेऊन धर्माबादला गेलेले, आणि महेबूब रात्री गावाकडं निघालेला. अप्पाच त्याला म्हणाले, "एवढ्या रात्री कुठं जातो? गोदामात झोप. पक्कं बांधकाम हाय." तो पोत्यांच्या थप्पीला लागून झोपला. पहाटे जमीन हलली. "भिंतीला तडाबी न्हाई गेला, बेटा," खाजामियां म्हणाले. "थप्पी बसली त्याच्या अंगावर."

मी ऑफिसात जाऊन बसले आणि कोणतं खोकं कुठं उतरवायचं ते कॉम्प्युटरवर बघत राहिले.

रॅक रिकामे व्हायला दिवेलागण झाली. मग सोपान आत गेला, दोरा कापला, जोडी ओढून आणली. खरंच दोन मिनिटं लागली. डायव्हरांनी वाकलेल्या पाठींनी स्वतः गठ्ठे गाडीत चढवले आणि गाडी नांदेडला गेली. गाडी फाटकाबाहेर पडली, तोच अप्पांचा फोन वाजला. अप्पा नुसतं "हाव, हाव" म्हणत ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "सर उद्यापासून माल उचलतेत," आणि सोपानच्या खुर्चीत बसले. बाकीचे डायव्हर चपला घालून एकेक करत निघून गेले. 

मी पर्स घेऊन निघाले होते, पण दारातच थांबले. खाजामियां अप्पांच्या समोर येऊन बसले.

"अप्पा, इतकी सालं झाली, कधी बोललो न्हाई. आज बोलतो. त्या रात्री तुम्ही महेबूबला जाऊ दिलं असतं, तर तो घरात झोपला असता. घरातलं कोण वाचलं? अम्मी गेली, अब्बा गेले, बहीण गेली. तोबी गेलाच असता. तुमच्यामुळं न्हाई मेला तो. आता सोडा हे. माझ्यासाठी तरी सोडा."

अप्पा खाली बघत होते. मला वाटलं, आता यांना मोकळं वाटेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरेल.

"माहीत हाय मला, खाजा," अप्पा म्हणाले. "तेवढा हिशेब मलाबी येतो. पण घरी सगळे एकमेकाजवळ होते रे. अम्मीजवळ गेला असता तो. इथं एकटाच होता. हाक मारली असंल त्यानं, तर ऐकायला कुणी नव्हतं."

खाजामियांनी तोंडावर रुमाल घेतला. आणि मी, सकाळपासून अप्पांच्या नावानं बोटं मोडणारी मी, तिथंच भोकाड पसरून रडायला लागले. अप्पा दचकून उठले, माठातलं पाणी घेऊन आले आणि ग्लास माझ्या हातात कोंबला.

"आगं पोरी, तुला काय झालं? माल गेला तर येतो की परत. पी पाणी. पी अगोदर."