नंबराच्या भिंती आणि बारा लोंगर

सोसायटीच्या मीटिंगला मी कधी जात नाही. त्या दिवशी गेलो, कारण घरात द्वारकेनं माळ्यावरची सगळी भांडी खाली काढली होती आणि मला पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोच्या पातेल्यांना भिऊन पळालो, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमची बिल्डिंग वसईत. मी चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या टोकाला. (केळीची बरीचशी वाडी बिल्डरला देऊन हा तापलेला तवा घेतला. माझी अक्कल किती ते यावरून ओळखा.) चेअरमन प्लासिड सांगत होता, गोखिवऱ्याच्या कारखान्यात तयार भिंती मिळतात. दोन सिमेंटच्या पत्र्यांमध्ये थर्माकोल. जुन्या भिंतीला बाहेरून बसवायच्या. खिडक्याही तयार, कडेला रबर. पंखा कमी लागेल, वीज वाचेल.

मी उठलो. "भिंती काय ट्रकमधनं येतात? भिंत गवंडी बांधतो. माणसं काय आईसक्रीम आहेत पेटीत ठेवायला? हिंमत असेल तर आधी माझ्या घराला लावून दाखवा!"

"छान! हरिश्चंद्रकाका तयार आहेत," प्लासिड म्हणाला. टाळ्या पडल्या. मी भांडत होतो हे एकालाही कळलं नाही.

दिवाळीनंतर ट्रक आला. प्रत्येक भिंतीवर नंबर. सात नंबर आठच्या जागी चढवला, मी खालून ओरडलो, तेव्हा उतरवला. (शाळा चौथीपर्यंत, पण आठापर्यंत येतं.) दोन दिवसांत घर बंद झालं. वारा नाही, रस्त्याचा आवाज नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो, तो काही फार चांगला नाही. मी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारू लागलो.

"काका, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार," कारखान्याचा इंजिनीअर म्हणाला.

"गार होतंय का ते मे महिन्यात बघू," म्हणून मी त्याला घालवला. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे कान दिला असता तर आज मान वर करून फिरलो असतो.

जानेवारीत धाकट्या सुमनचा साखरपुडा ठरला. व्याही एकनाथराव, आगाशीचे बागायतदार. बोलणी चालू असताना डाव्या हातानं अडकित्ता चालवत ते म्हणाले, "फ्लॅटात राहता, म्हणजे आता केळी बाजारातलीच खात असाल?"

मला झोंबलं. "पंगतीला माझ्या हातची पिकवलेली केळी नसली, तर ही मिशी उतरवीन!"

मिशी चाळीस वर्षांची. माझ्याकडे बघण्यासारखं तेवढंच आहे.

साखरपुडा रविवारी. वाडीच्या उरलेल्या पट्टीतले बारा लोंगर, म्हणजे केळीचे अख्खे घड, सोमवारी कापून आणले, फण्या सोडवल्या आणि मागच्या खोलीत सुक्या पानांखाली, गोणपाटाखाली झाकल्या. थंडीचे दिवस, म्हणजे सहा दिवस धरायचे. हा हिशेब मी झोपेतही चुकत नाही.

बुधवारी सकाळी वासानं जाग आली. गोणपाट उचललं तर सगळी केळी पिवळीधमक! भिंतींनी थंडी आत येऊच दिली नव्हती. केळी पिकताना जी ऊब सोडतात, तीही रबरानं कोंडून धरलेली.

"अहो, रविवारी आहे ना कार्य?" द्वारका म्हणाली.

"मला माहीत आहे!"

"केळ्यांना नाही वाटतं माहीत."

खिडक्या उघडल्या. फण्या गच्चीवर नेल्या, ऊन आलं म्हणून जिन्यात आणल्या, जिन्यात लोक घसरतील म्हणून परत गच्चीवर. चार जिने, दोन दिवस, माझे गुडघे. शुक्रवारपर्यंत सगळी काळी. बिल्डिंगभर वाटली. प्लासिडनं डझनभर खाल्ली आणि वर म्हणतो, "काका, भिंती मात्र एक नंबर!"

शेवटी द्वारका एसटीनं आगाशीच्या बाजारात गेली आणि तयार फण्या घेऊन आली. "तोंड मिटून बसा," म्हणाली, "कुणाला कळत नाही."

रविवारी बिल्डिंगखालच्या मांडवात पंगत बसली. एकनाथरावांनी केळं सोललं, खाल्लं, डोळे मिटले. "वा, हरिश्चंद्रराव! हाताला गुण आहे बुवा तुमच्या!"

एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण मी सुरू झालो. "थंडी ओळखावी लागते. घाई करून चालत नाही. झाकण किती, ऊब किती..." द्वारका मागून खोकत होती. मला वाटलं, थंडीचा खोकला.

एकनाथराव फणी उलटसुलट करून बघत होते. "कोयता कुठल्या हातात धरता तुम्ही?"

"उजव्या. का?"

"हा काप डाव्या हाताचा आहे. आगाशीत डावखुरा बागायतदार मी एकटा. शुक्रवारी बाजारात माल घातला होता."

पंगतीत वाढपी थांबला. मला सुमनचं तोंड दिसलं. "व्याहीबुवा, पोरीचं मात्र..."

"पोरगी पसंत आहे हो! आणि केळ्यांना नावं कशी ठेवू, ती तर घरचीच आहेत." सगळा मांडव हसला. "मिशीचं राहू द्या."

मी राहू देतो होय! सोमवारी न्हाव्याकडे गेलो.

परतलो तर इंजिनीअर वही घेऊन दारात. "काका, कुठून गार वारा लागतो का?"

"लागतो ना," मी म्हणालो आणि ओठावर बोट ठेवलं. "इथं. तयार काही मिळतं का तुमच्याकडे?"

त्या मेल्यानं खिशातून मापाचा टेप काढला.