तक्रारी शून्य

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे थांबली. आत तिघे होते. लिफ्टमधल्या मदत-बटणांची सेवा देणाऱ्या कंपनीचे साहेब, त्याच कंपनीचे संगणक सांभाळणारा रिमोट, आणि सुजलेल्या गालाला रुमाल लावून आठव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या एक आजी.

रिमोट हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. बसल्या जागेवरून सगळं करायची त्याला हौस. घरी तो पलंगावर पडून फोनवरून पंखा बंद करायचा आणि बायको म्हणायची, "अहो, उठून दाबलं तर चावत नाही ते बटण."

"घाबरू नका, आजी," साहेब म्हणाले. "हे बटण आमच्याच कंपनीचं आहे." आणि त्यांनी ते ऐटीत दाबलं. दाबल्यावर बटणाभोवतीचं कडं हिरवं व्हायला हवं होतं. ते झालं नाही. साहेबांनी पुन्हा दाबलं, मग अंगठ्यानं दाबलं. आजींनी चष्मा सारखा करून बटणावरची पट्टी मोठ्यानं वाचली, "एकदा दाबा, आम्ही आलोच."

काय झालं असणार हे रिमोटला कळलं होतं.

शहरभरातली ही बटणं ज्या संगणकाला जोडलेली होती, तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ते व्हर्च्युअल मशीन होतं. भाड्यानं घेतलेल्या एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अशी बरीच मशीनं नांदत होती. प्रत्येकाचं काम वेगळं, जणू प्रत्येक जण स्वतंत्र संगणकच. ती चालू-बंद करायला कुणी हात लावत नसे. एपीआय नावाच्या खिडकीतून हुकूम सोडला की काम झालं. पूर्वी हे हुकूम माणसं सोडायची. रिमोटनं ते काम करणारा प्रोग्रॅमच लिहिला. जे मशीन तासभर रिकामं बसेल, ते बंद. शिवाय माणसं चुका करतात, म्हणून त्यानं बाकी सगळ्यांचे अधिकार काढून घेतले होते.

चाचणी म्हणून पहिला आठवडाभर प्रोग्रॅमनं कुणालाही हात लावला नाही. रिकामी मशीनं कुणाची, एवढंच तो साहेबांच्या पडद्यावर लाल रंगात दाखवत राहिला. ऑफिसला तेवढा इशारा पुरला. महिन्यातून एकदा अहवाल काढणाऱ्या अहवालताईंनी आपल्या मशीनला आकड्यांचे गुणाकार करत बसवलं. उत्तर कुणालाच नको होतं. हिशेब विभागाचं मशीन एकच फाइल एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायचं आणि परत आणायचं. साहेबांना सगळीकडे कष्टच कष्ट दिसू लागले. "माणसांनाही हे लावता आलं असतं, तर काय बहार आली असती," असं ते म्हणालेही होते.

मदत-बटणाच्या मशीनला ही अक्कल कुणी दिली नव्हती. कुणी अडकेपर्यंत गप्प बसून वाट बघणं, एवढंच त्याचं काम. काल संध्याकाळी रिमोटनं प्रोग्रॅमच्या हाती खरी सूत्रं दिली. त्यानंतर शहरात तासभर कुणी अडकलं नाही. प्रोग्रॅमनं ते मशीन कामचुकार ठरवलं आणि बंद करून टाकलं.

हे सगळं रिमोटनं साहेबांना हळू आवाजात सांगितलं. हळू, कारण आजी कान देऊन होत्या.

"मग चालू कर की," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "फोन आहे ना हातात? तुझ्या त्या खिडकीतून सोड हुकूम."

"प्रोग्रॅममधे बंद करायचं तेवढं लिहून झालंय, साहेब. चालू करायचं पुढच्या महिन्यात घेतलंय."

"आपल्याला स्वतः नाही का सोडता येत?"

"येतो. पण त्याला किल्ली लागते. म्हणजे एक लांबलचक पासवर्ड. तो सुरक्षित राहावा म्हणून वेगळ्या मशीनवर ठेवलाय."

"मग घे तिथून."

"त्या मशीनकडे सहसा कुणी फिरकत नाही," रिमोट स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला.

साहेबांना आता विषय समजू लागला होता. "तेही बंद?"

"तेही."

साहेबांनी भिंतीला पाठ टेकली. वर नवव्या मजल्यावर, कंपनीच्या ऑफिसात, मोठ्या हॉस्पिटलांचे पाहुणे बसले होते. त्यांच्या सगळ्या इमारतींतली बटणं कंपनीला मिळणार होती. आधी रिमोटनं प्रोग्रॅम चालवून दाखवायचा, मग पाहुण्यांची सही, आणि सही झाली की रिमोट विभागप्रमुख. बायकोनं त्यासाठी सकाळी त्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. तो आता पाठीला चिकटला होता.

साहेबांनी तळमजल्यावर बसणाऱ्या कंपनीच्या मिस्त्रीला फोन लावला. "अरे, वर ये जरा. लिफ्ट अडकलीय."

"आलोच, साहेब. तक्रार क्रमांक सांगा."

"मी बोलतोय. आवाज ओळखलास ना?"

"ओळखला की. पण क्रमांक लागतो. मागे तोंडी सांगण्यावरून गेलो, तर तुम्हीच मेमो दिलात. क्रमांकाशिवाय माझ्या वडिलांनाही बाहेर काढायचं नाही, असं म्हणाला होतात."

"वडील नाहीत, मी अडकलोय."

"तुमच्याबद्दल वेगळं काही म्हणाला नव्हतात, साहेब."

बटण दाबलं की क्रमांक बटणाचं मशीन द्यायचं. मशीन बंद होतं. साहेबांनी फोन ठेवला आणि रिमोटकडे असं पाहिलं, की रिमोटला लिफ्ट आणखी आकसल्यासारखी वाटली.

"काय हो," आजी म्हणाल्या, "तुमच्यात पायानं जिना चढणारा एकही नाही का?"

साहेबांनी बटण आणखी एकदा दाबलं.

"मग अग्निशमनवाल्यांना बोलवा. माझी दाढ ठणकतेय."

"नको, आजी," साहेब घाईनं म्हणाले. "पाहुणे खिडकीशी बसलेत. लाल गाडी खाली येऊन उभी राहिली तर काय सांगायचं त्यांना? लिफ्टच्या मदतवाल्यांनाच बाहेर काढताहेत म्हणून?"

"मग मी काय करायचं? इथेच दाढ काढून घेऊ?"

तेवढ्यात रिमोटचा फोन वाजला. अहवालताई होत्या. "अरे, आहात कुठे दोघं? पाहुणे कंटाळले, म्हणून मीच तुझा पडदा लावून दिला."

"काय दाखवलंत?" रिमोटनं विचारलं.

"मोठ्या अक्षरात आलं ते. 'काल संध्याकाळपासून लिफ्टमधून आलेल्या तक्रारी: शून्य.' पाहुणे उठून उभे राहिले. त्यांच्या आताच्या कंपनीकडे दिवसाला ढिगानं तक्रारी येतात म्हणे. आणि सगळ्यात मेहनती मशीन कोणतं, असं विचारलं त्यांनी."

"मग?"

"माझं. मी कशाला खोटं बोलू? बरं, सही करायची म्हणताहेत. साहेब कुठे आहेत विचारलं तर काय सांगू?"

साहेबांनी फोन ओढून घेतला. त्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा बटणाकडे, आणि आवाजात कामकाजाचा भारदस्तपणा आणून म्हणाले, "सांगा, साहेब आणि नवे विभागप्रमुख प्रत्यक्ष लिफ्टच्या पाहणीवर आहेत. सही उरकून घ्या."

नवे विभागप्रमुख हे शब्द ऐकून रिमोटनं कॉलर सारखी केली. बायकोला कळवावं म्हणून त्यानं फोन परत घेतला. "झालं" एवढं त्यानं लिहिलंही. मग पाठीमागून आलेल्या आवाजानं त्याचा अंगठा थांबला.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा नवव्या मजल्यावर पाहुण्यांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं. आणि लिफ्टमधे आजी पिशवीतून स्वतःचा फोन काढून अग्निशमन दलाला सांगत होत्या, "हो, चौथा आणि पाचवा, मधोमध. गाडी समोरूनच आणा, खिडकीखाली. अन् भोंगा वाजवत या हो, म्हणजे मला कळेल आलात ते."