गळाभर पाण्यातले पट्टीचे पोहणारे

"पाणी गुडघ्याच्या वर गेलं ना एल्रिक, तर घरात पाऊल ठेवायचं नाही!"

आजी जाऊन कित्येक वर्षं लोटली, तरी तिचा हा आवाज गिटन्ससाहेबांच्या कानात लाटेसारखा येत-जात असे. नातवाने आज्ञा अर्धीच पाळली. पाणी गुडघ्यावरून कमरेला आलं, कमरेवरून गळ्याला आलं, पण तळाची वाळू काही त्यांच्या पायांनी सोडली नाही. जकातीच्या नोकरीत इतरांची चोरी पकडण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतःची चोरी मात्र त्यांनी कुणाला सापडू दिली नव्हती. समुद्राने वेढलेल्या बेटावर जन्मूनही साहेबांना पोहता येत नव्हतं.

ब्रिजटाऊनच्या किनाऱ्यावर उजाडता उजाडता निवृत्त मंडळी समुद्रस्नानाला जमत. स्नान म्हणजे काय, तर गळाभर पाण्यात गोल करून उभं राहायचं, डोक्यावरच्या टोप्या सांभाळायच्या आणि त्या दिवशी जे कुणी आले नसतील त्यांना यथेच्छ धुवायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, समुद्रात टोप्यांचं पीक आलंय. पोहायचं म्हणाल, तर ते परदेशी पाहुण्यांनी. समुद्र हे आपलं अंगण, आणि अंगणात कुणी पोहतं का?

या मंडळीत पट्टीचे पोहणारे एकच, गिटन्ससाहेब. हनुवटी वर, नजर क्षितिजावर आणि हात असे सपासप की शेजारच्याने डोळे मिटून घ्यावेत. "तरुणपणी तिकडे खोल पाण्यात बुडालेल्या त्या जहाजाला हात लावून परत यायचो," असं ते सहज बोलल्यासारखं, पण गोलातल्या व्हेल्डाबाईंना ऐकू जाईल असं सांगत.

कारण सगळं व्हेल्डाबाईंसाठीच होतं. त्यांचा वारलेला नवरा, क्लेमंट, कोळी होता. "मासा होता हो, मासा!" असं बाई रोज एकदा म्हणत आणि रोज एकदा साहेबांच्या काळजात काटा रुतत. जिवंत माणसाशी बरोबरी करता येते. मेलेला माणूस दिवसेंदिवस जास्तच चांगला पोहू लागतो.

निवृत्त बसड्रायव्हर लायल बॉइस तर साहेबांना कायम पाण्यात पाहायचा.

"काय साहेब, आज जाऊन येणार का जहाजापर्यंत?"

"आज भरती आहे."

"काल ओहोटी होती म्हणून राहिलं, नाही का?"

साहेबांनी लायलकडे पाठ फिरवली. आज त्यांना दुसरीच भरती आली होती. व्हेल्डाबाईंना आज लग्नाचं विचारायचंच, असं ठरवून ते उपाशीपोटी घरातून निघाले होते.

"व्हेल्डाबाई, मी काय म्हणत होतो…"

तेवढ्यात पाहुण्यांना फिरवणारी एक बोट ढणढण गाणी लावून जवळून गेली. भली मोठी लाट उसळली आणि व्हेल्डाबाईंच्या डोक्यावरची गवती टोपी उडाली. टोपी पिनांनी केसांना टाचलेली होती, म्हणून केसही गेले. टोपी बुडाली आणि काळा कुरळा टोप तेवढा तरंगत खोल पाण्याकडे निघाला.

"अगं बाई!" व्हेल्डाबाईंनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "अहो गिटन्स, बघत काय राहिलात? जा ना, आणा ना!"

"आणलाच असता हो. पण भरल्या पोटी पोहू नये म्हणतात."

"मघाशी तर उपाशी आलोय म्हणालात!" लायल म्हणाला. "जा साहेब, जहाजापेक्षा जवळच आहे."

साहेब निघाले. वर हात सपासप चालले होते, खाली पाय चवड्यांवर चालले होते. मागून टाळ्या पडल्या. माणसाचा घात टाळ्या करतात. साहेबांनी आणखी एक पाऊल टाकलं आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. आयुष्यात पहिल्यांदाच, खरीखुरी.

त्याच वेळी किनाऱ्यावर, उन्हाने गुलाबी झालेली एक पाहुणी खुर्चीवर उभी राहून किंचाळली, "बुडाला! माणूस बुडाला! ते बघा डोकं!"

तिच्या हाताचं बोट टोपाकडे होतं. जीवरक्षकाने शिटी फुंकली, पाण्यात झेप घेतली आणि तो बाणासारखा सरळ गिटन्ससाहेबांपर्यंत आला. साहेब तेव्हा अगदी रीतसर बुडत होते.

"बाजूला व्हा, आजोबा! तिकडे माणूस बुडतोय!" असं ओरडून तो पुढे गेला.

टोप वाचला. जीवरक्षकाने तो शिकवल्याप्रमाणे, नसलेली हनुवटी पाण्याच्या वर धरून किनाऱ्याकडे आणायला सुरुवात केली. पाहुण्यांनी फोटो काढले. गुलाबी बाईंना तर हुंदका आवरेना.

इकडे साहेबांच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. आजी पलीकडे दार लावून उभी असल्याचा भास होत होता. इतक्यात एका पंजाने त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि त्यांना मागे ओढलं. व्हेल्डाबाई होत्या. दोन्ही हात कामाला लागल्यामुळे डोकं उघडं पडलं होतं, आणि त्यावर पिकल्या केसांच्या बोटभर वेण्या उन्हात चमकत होत्या.

"उभे राहा," त्या म्हणाल्या.

साहेब उभे राहिले. पाणी छातीपर्यंतच होतं.

खोकून खोकून घसा मोकळा झाला, तेव्हा त्यातून आधी समुद्र बाहेर पडला आणि मग सत्य. "व्हेल्डाबाई, मला पोहता येत नाही. जहाजबिहाज सगळं खोटं."

कुणी दचकलं नाही. लायल आभाळ न्याहाळू लागला.

"अहो, हे पाणी काचेसारखं आहे," व्हेल्डाबाई म्हणाल्या. "तुम्ही क्षितिजाकडे बघता. आम्हाला तुमचे पाय दिसतात. पहिल्या दिवसापासून."

साहेबांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. पांढऱ्याशुभ्र वाळूत त्यांचे पाय होते, आणि त्यांच्याभोवती गोल करून सगळ्या मंडळींचे पाय होते. लायलने तर अंगठे रुतवून ठेवले होते.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

व्हेल्डाबाईंनी निथळत येणाऱ्या टोपाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. तो साहेबांच्या कॉलरवरच होता.

"बोलायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "क्लेमंटचेही पाय दिसायचेच. त्यालाही कधी बोलले नाही."