शेवटच्या बाकाची रेंज

इंगळे सर आपल्या वर्गात एक ढ विद्यार्थी मुद्दाम बसवतात. रीतसर नेमून बसवतात. गेलं वर्षभर ती नेमणूक माझ्याकडे आहे.

सर शाळेतून निवृत्त झाले, पण गणितातून व्हायला तयार नाहीत. सोनाळ्यात विहाराला लागून आमचं वाचनालय आहे. रोज सकाळी सातला सर तिथे येतात, स्टुलावर मोबाईल उभा करतात आणि व्हिडिओवर दहावीचा वर्ग घेतात. फळा म्हणजे जुन्या कपाटाचं काळं रंगवलेलं दार. सोनाळा, वरवट बकाल, पार मोताळ्याकडचं रोहिणखेड, अशी चाळीसेक पोरंपोरी घरबसल्या एकेका चौकटीत येऊन बसतात. फी नाही. सरांचा शर्ट इस्त्रीचा असतो आणि पायात चकाचक बूट. बूट काही मोबाईलमध्ये दिसत नाहीत, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मले दिसतात ना," म्हणाले.

मी भास्कर, त्या वाचनालयातला मदतनीस. पुस्तकं झटकतो, पेपर लावतो, खरं तर ग्रंथपालाचं सगळंच काम करतो. पण ग्रंथपालाच्या जागेला कोर्स लागतो आणि कोर्सला दहावी पास लागते. दहावीच्या गणितात मी दोनदा आपटलो आणि तो नाद सोडला. वाचनालयाच्या समितीने यंदा सांगून टाकलं की पुढच्या वर्षी जागा भरायची. म्हणजे माझ्या खुर्चीवर कोणी तरी शिकलेला माणूस येणार आणि मी त्याला पाणी देणार. शाळेत मला गणित शिकवलं होतं तेही ह्याच इंगळे सरांनी. तो विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो.

आता ढ कशाला हवा, ते सांगतो. पहिल्या आठवड्यात सर विचारायचे, "समजलं का?" आणि चाळीस चौकटींतून एकसुरात "हाव सर" यायचं. सर खूश. मग त्यांनी एक छोटी चाचणी घेतली, आणि तिघं सोडून सगळे भुईसपाट. हिरवा खडू कोणालाच दिसत नव्हता, नऊ आणि चार सारखेच वाटत होते, अर्धी वाक्यं हवेतच विरत होती. सरांनी सगळा फळा पुसून काढला. शेवटी म्हणाले, "हाव हा नुसता आवाज हाय बे, उत्तर नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काच तडकलेला आपला जुना मोबाईल माझ्या हातात दिला आणि मला वाचनालयाच्या मागे हातपंपाजवळ बसवलं. तिथे रेंजची जेमतेम एक काडी येते. "तू इथून पाह्य. तुले कळलं त सगळ्याईले कळलं." वर्गात माझ्या चौकटीत अंधार आणि खाली नाव, 'शेवटचा बाक'.

मी रोज कच्चा अहवाल देऊ लागलो. खडू पांढराच हवा. अक्षर तळहाताएवढं हवं. एका वेळी तीनच ओळी. महत्त्वाचं वाक्य दोनदा. सर हे सगळं वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी तसंच वागत. त्यांनी 'हाव' वर बंदी घातली. उत्तर वहीवर लिहायचं आणि वही मोबाईलसमोर धरायची. एका पोराने वहीऐवजी चुकून किराण्याची यादी धरली, तर सरांनी त्यातल्या तेलाच्या भावावर शेकडेवारीचं गणित घातलं.

इथवर ठीक होतं. पण मग सरांनी नवं खूळ काढलं. वर्ग सुटला की मी हातपंपाजवळ बसून तेच गणित सोडवायचं. चुकलं, तर दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा, चाळीसही जणांना. वर्गसमीकरण आम्ही बारा दिवस चघळलं. रोहिणखेडची एक चुणचुणीत पोरगी अदबीने म्हणाली, की सर, हे झालं आहे. सर म्हणाले, "शेवटचा बाक अजून पोचला नाही." वर्गाच्या ग्रुपवर माझा उद्धार सुरू झाला. शेवटी तिनेच मला निरोप धाडला, "शेवटचा बाक दादा, मी समजावून सांगू का?" चाळीस पोरांचं वर्ष आपल्यापायी अडतंय, ह्याची मला लाज वाटली. मी दुपारी वाचनालयात कोणी नसताना गणितं सोडवायला बसलो. एक सुटलं, मग दुसरं सुटलं. इतक्या वर्षांनी उत्तर बरोबर आल्याचा आनंद सांगायलाही शेजारी कोणी नव्हतं.

एक मात्र मला कळेना. फळा आता लख्ख दिसत होता, आवाज येत होता. तरी सर मला हातपंपावरून उठू देत नव्हते. "आता माह्यं काय काम सर?" असं मी दोन-तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी रेंजचा काय भरोसा, एवढंच उत्तर मिळे.

परवा वर्ग संपल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. दहावीच्या परीक्षेचा अर्ज. माझं नाव, माझा पत्ता, सगळं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात भरलेलं. फक्त सहीची जागा रिकामी होती.

"सर, पुन्हा आपटलो त?"

सर वर्गातल्या आवाजात नाही, अगदी हळू बोलले.

"तुमच्या वर्गात बाहत्तर पोरं होती. तू कधी हात वर केला नाही, अन् मी कधी मागं आलो नाही. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मी सायकलनं तुह्या गल्लीपर्यंत आलो होतो. तुहे बाबा ओट्यावर बसलेले दिसले. त्याईले काय सांगू? तसाच वापस गेलो."

त्या दिवशी मी घरातच होतो. दारामागे बसून होतो. आपलं काय झालं ते विचारायलाही कोणी आलं नाही, ही गोष्ट मी तेवीस वर्षं मनात धरून होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. अर्जावर सही केली.

सरांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि उठले. "चाल. तुह्या बाबाले भेटाचं राह्यलं."

बाबा आता थकले आहेत, त्यांना ऐकूही कमी येतं, हे मी वाटेत सांगत होतो. गल्लीच्या तोंडाशी सर जरा थांबले, शर्ट नीट खोचला आणि माझ्या आधी आत शिरले.